पदराचा स्पर्श आणि निखारा

पिरंगुटहून आत वळले की उरवडे लागते. वाटेत आता कारखान्यांच्या भिंती आहेत. आत्याच्या ओसरीवरून मात्र अजून भाताची खाचरे दिसतात. सहा वर्षांपूर्वी तिला नागीण झाली. डाव्या कुशीवरचे फोड महिन्याभरात वाळले, खपल्या पडल्या, पण दुखणे गेले नाही. “पदर टेकला तरी आग व्हती रं,” ती म्हणे. तपासण्यांत काही सापडले नाही. एका डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितले, की फोड बरे झालेत, आता हे मनाचे आहे. खोटे कशाला सांगू, मीही काही दिवस तसेच धरून चाललो.

त्याच आळीतले एक आजोबा मला लहानपणापासून आठवतात. चुलीतला निखारा ते बोटांनी उचलून चिलमीवर ठेवत. आम्हा मुलांना तो पराक्रम वाटे. त्यांना महारोग होता आणि हात बधिर होता, हे फार उशिरा कळले. तोवर बोटांची टोके झिजून गेली होती.

एकीला पदराने आग होते, दुसऱ्याला निखारा कळत नाही. याचा उलगडा शोधायला मी वाचू लागलो. ही वाट दवाखान्यांतून जाईल असे वाटले होते. ती गेली शरीररचनाशास्त्राच्या विभागांतून.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस माक्स फॉन फ्राय या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने काडीला बांधलेल्या कमीअधिक ताठ केसांनी त्वचेचे बिंदू तपासले. स्पर्श, ऊब, गारवा आणि वेदना अशा चार संवेदना त्याने वेगळ्या केल्या आणि प्रत्येकीला त्वचेतले एकेक स्वतंत्र टोक नेमून दिले. वेदनेच्या वाट्याला आली ती आवरण नसलेली, मोकळी तंतुटोके. मांडणी इतकी सुबक होती की पाठ्यपुस्तकांत ती पक्की बसली. तिच्यातून निघणारा अर्थही साधा होता : टोकाला इजा झाली की तार वाजते, इजा नसेल तर तार वाजायचे कारण नाही. आत्याला भेटलेले डॉक्टर नकळत याच तारेवर विश्वास ठेवून होते.

या मांडणीला मोठा धक्का दिला ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या शरीररचनाशास्त्र विभागाने. तिथे ग्रॅहम वेडेल आणि त्यांचे सहकारी त्वचा सूक्ष्मदर्शकाखाली पाहत आणि तीच जागा जिवंत माणसात काय जाणवते हेही तपासत. 1952 मध्ये त्यांनी माणसाच्या कानाच्या पाळीवर असे काम प्रसिद्ध केले. पुढे याच गटात एक मराठी आडनाव दिसते : डॉ. पद्माकर लेले. लेले आणि वेडेल यांचा 1956 चा निबंध डोळ्याच्या कॉर्नियाविषयी आहे. कॉर्नियात फक्त मोकळी टोके असतात. म्हणजे जुन्या हिशेबाने तिथे वेदनेखेरीज काही जाणवायला नको. त्यांच्या प्रयोगांत माणसांनी तिथे स्पर्श, ऊब आणि गारवाही ओळखला. त्यांचा निष्कर्ष असा, की टोकाचा आकार पाहून संवेदना सांगता येत नाही. संवेदना ठरते ती अनेक तंतूंतून येणाऱ्या संदेशांच्या एकत्रित आकृतिबंधावरून.

हे लेले पुढे अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत गेले आणि एका बिंदूवर एकवटलेल्या श्राव्यातीत ध्वनिलहरींच्या संशोधनातले आघाडीचे नाव ठरले. वेदनेच्या इतिहासात मराठी वाचकाने त्यांची आठवण ठेवावी, असे मला मनापासून वाटते.

ऑक्सफर्डचे म्हणणे सर्वस्वी टिकले नाही, हेही सांगायला हवे. 1960 च्या दशकाअखेरीस एडवर्ड पर्ल यांनी इजा करणाऱ्या उद्दीपनांनाच उत्तर देणारे तंतू खरोखर असतात, हे दाखवले. तेव्हा तारा आहेत. पण नुसत्या तारांनी भागत नाही.

भागत का नाही, याचा धागा मला अनपेक्षितपणे नागिणीपाशीच सापडला. ॲम्स्टरडॅमचे शल्यचिकित्सक विलेम नूर्डेनबोस यांनी 1959 मध्ये वेदनेवर ग्रंथ लिहिला. नागिणीनंतरच्या दुखण्यात जाड तंतू अधिक नष्ट झालेले असतात आणि बारीक तंतू मागे उरतात, असे त्यांना दिसले होते. जाड तंतू बारीक तंतूंना आवर घालत असावेत, असा तर्क त्यांनी मांडला. 1965 मध्ये रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी ‘सायन्स’ नियतकालिकात द्वारसिद्धान्त मांडला. गावाच्या वेशीसारखी एक वेस मज्जारज्जूत असते. जाड तंतूंचे संदेश ती ओढून घेतात, बारीक तंतूंचे उघडतात, आणि वरून मेंदूही तिच्यावर हुकूम चालवतो. ठेच लागली की आपण अंगठा चोळतो, त्याचे मर्म हेच. मूळ आराखड्यातले तपशील पुढे बदलले, पण वेशीची कल्पना राहिली.

वॉल 1967 मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या शरीररचनाशास्त्र विभागात आले. विभागप्रमुख होते जे. झेड. यंग. माकुळाच्या जाड मज्जातंतूकडे शास्त्रज्ञांचे लक्ष वेधणारे ते हेच. प्रेतांची चिरफाड शिकवणाऱ्या या विभागात आता जिवंत वेदनेचा अभ्यास सुरू झाला. तिथेच क्लिफर्ड वुल्फ यांनी उंदरांवर प्रयोग केले. 1983 चा त्यांचा निबंध सांगतो, की इजेनंतर मज्जारज्जू स्वतःच बदलतो, हळवा होतो. मग साध्या स्पर्शानेही वेदनेचे दार उघडू शकते.

हे वाचून मी कागद खाली ठेवला. पदर कुशीवर टेकत होता. आग लागत होती ती मज्जारज्जूत. कुशीवर शोधून काय सापडणार होते?

निखाऱ्याचे उत्तर मात्र आपल्याकडेच शोधले गेले होते. कुष्ठरोगाचा जंतू मज्जातंतूंच्या आवरणपेशींत घर करतो. मुंबईचे मज्जाविकृतितज्ज्ञ डॉ. दराब दस्तूर यांनी कुष्ठरुग्णांच्या त्वचेतल्या तंतूंची अवस्था आणि तिथली संवेदना ताडून पाहिली. त्यांचा निबंध 1955 मध्ये ‘ब्रेन’ या नियतकालिकात आला. पुढच्याच वर्षी लेले-वेडेल यांचा निबंधही तिथेच छापला गेला. वेडेलही नंतर कुष्ठरोगाच्या अभ्यासाकडे वळले. त्याच दशकात पुण्याजवळ कोंढव्याच्या कुष्ठरोग रुग्णालयात डॉ. नोशीर अंतिया यांनी वाकड्या झालेल्या बोटांवर शस्त्रक्रिया सुरू केल्या. जंतू बोटे खात नाही. वेदनेची राखण गेल्यावर चटके, काटे आणि रोजचे काम बोटे संपवतात. आमच्या आळीपासून कोंढवा एका दिवसाच्या अंतरावरही नव्हता. त्या आजोबांना कुणी तिथे नेले नाही. निखारा उचलताना टाळ्या वाजवणाऱ्यांत मी होतो.

दोघांचे दुखणे एकाच चुकीने झाकले गेले. जखम दिसेल तिथे वेदना असणार आणि दिसत नसेल तिथे नसणार, असे आम्ही धरून चाललो. आजोबांची जखम आम्ही पाहिली, वेदना नाही म्हणून निश्चिंत राहिलो. आत्याची वेदना ऐकली, जखम नाही म्हणून तिच्यावर संशय घेतला. शंभर वर्षांच्या या शोधातून मी एवढे शिकलो, की दुखते की नाही याचा पहिला पुरावा दुखणाऱ्याचा शब्दच असतो.

आता दुसऱ्या डॉक्टरांनी तिला मूळची फेफऱ्यासाठी निघालेली एक गोळी दिली आहे. आग पुरती गेली नाही, पण रात्री डोळा लागतो. गेल्या दिवाळीत तिला मी वेशीची गोष्ट सांगितली आणि त्या दिवसांबद्दल माफी मागितली. करंज्या तळता तळता तिने सगळे ऐकून घेतले.

“मंग मी तवा दुसरं काय सांगत हुते?” ती म्हणाली.