१२ मार्च आणि आमची बंद शाळा

२० मार्च १९२७ म्हटलं की आपलं शेंबडं पोरगंसुद्धा महाडचं चवदार तळं सांगतं. पण त्याच महिन्यातली १२ तारीख विचारा. मी शिबिरात विचारून पाहिलंय. सगळे गप्प बसतात. त्या दिवशी बाबासाहेब मुंबईच्या कायदे कौन्सिलात शिक्षणावरच्या सरकारी खर्चाबद्दल बोलले. तळ्यावर जायच्या आठच दिवस आधी. ही दोन कामं वेगळी नव्हती, एवढंच मला इथं सांगायचंय.

तळ्याचा हक्क कशावर उभा होता ते बघा. १९२३ साली कौन्सिलात सी. के. बोल्यांचा ठराव पास झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेले आणि चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसंच सार्वजनिक शाळा, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा तो ठराव. १९२४ ला महाड नगरपालिकेनं तळं खुलं केल्याचं कागदावर घेतलं. म्हंजे आपण कुणा पाटलाच्या मळ्यातली विहीर मागत नव्हतो. जिथं सगळ्यांचा पैसा, तिथं सगळ्यांचा पाय, असा तो हक्क. आता तो पैसाच काढून घेतला तर? ठराव राहतो, हक्क राहतो, फक्त पाय ठेवायला जागा राहत नाही.

म्हणून बाबासाहेब आकडे घेऊन उभे राहिले. शाळेत घातलेल्या १०० पोरांतली चौथीपर्यंत फक्त १८ पोचतात. या चालीनं सगळे मुलगे शाळेत यायला ४० वर्षं लागतील आणि सगळ्या मुली यायला ३०० वर्षं. सरकार शिक्षणावर माणशी १४ आणे घालतं आणि आबकारीतून माणशी दोन रुपयांच्या वर काढतं. निदान जेवढं आबकारीतून घेता तेवढं शिक्षणावर खर्चा, ही त्यांची मागणी होती. हा हिशेब आपल्याकडं जुना आहे. १८८२ साली जोतीराव फुल्यांनी हंटर कमिशनपुढं तेच सांगितलं होतं. तिजोरीत घाम रयतेचा, आणि शिक्षणाचा लाभ वरच्या जातींना.

पुढं १९२९ ला हार्टोग कमिटीचा अहवाल आला. तिनंही पोरांच्या गळतीकडंच बोट दाखवलं, पण अर्थ उलटा काढला. बाबासाहेब म्हणाले, पोरं गळतात, म्हणून पैसा वाढवा. कमिटी म्हणाली, पोरं गळतात, पैसा वाया जातो, म्हणून शाळा वाढवायची घाई नको, आहेत त्या नीट करा. इंग्रज गेला. पण ही भाषा मागं राहिली.

डिसेंबर २०१७ मध्ये महाराष्ट्र सरकारनं १० पेक्षा कमी पटाच्या १,३१४ शाळा बंद करून पोरं जवळच्या शाळेत घालायचं ठरवलं. कारण काय दिलं? गुणवत्ता. २०२३ ला २० पेक्षा कमी पटाच्या शाळांसाठी ‘समूह शाळा’ हा शब्द आला. अशा शाळा राज्यात १४ हजारांवर होत्या.

आता आमच्या गावचं सांगतो. त्या शाळेत माझा आजा व्हरांड्यात बसून शिकला. बाप आत बसला. मी पहिल्या रांगेत बसलो. मग पट का घटला? बागायतदारांची पोरं पिवळ्या गाडीतनं तालुक्याच्या इंग्लिश मिडियमला गेली. मागं राहिली ती बौद्धवाड्याची, पारध्यांची आणि ऊसतोडीवाल्यांची. ती दिवाळीनंतर आईबापाबरोबर फडावर. राहिलेल्यांना माणसं धरलं नाही, ‘कमी पट’ धरलं.

शाळेला कुलूप लागलं. नवी शाळा ओढ्यापलीकडं, तीन किलोमीटर. शिक्षण हक्काचा कायदा २००९ चा, आणि पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी असं त्याचे नियम सांगतात. माझी पुतणी तेव्हा तिसरीत होती. पहिल्या पावसात ओढा भरला. वहिनी म्हणाली, राहू दे, धाकट्याला सांभाळंल. पोरीचं दप्तर खुंटीला लागलं ते लागलंच. बाबासाहेबांच्या भाषणातली ती ३०० वर्षं मला तेव्हा कळली.

काही जण म्हणतात, सात पोरं आणि एक मास्तर, त्यात काय शिकणार? बरोबर आहे. मीही तिथं फार शिकलो असं म्हणत नाही. पण मग आधी गाडी द्या, ओढ्यावर पूल बांधा, ऊसतोडीच्या पोरांना वसतिगृह द्या, आणि मग कुलूप लावा. आमच्याकडं कुलूप आधी आलं. बाकीचं अजून यायचंय.

दोस्तांनो, अत्याचार झाला की आपण मोर्चा काढतो, आणि काढलाच पाहिजे. पण पैसा कापला जातो तेव्हा कुणाच्या अंगावर वळ दिसत नाही. गावात आरडाओरडा होत नाही. एक मास्तर बदलून जातो, त्याच्या जागी दुसरा येत नाही. म्हणून अंदाजपत्रक वाचायला शिका. २००५ पासून माहितीचा अधिकार आहे. जिल्हा परिषदेत अर्ज टाका. शाळेला किती मंजूर झाले, किती आले, किती दुसरीकडं वळवले, विचारा. ग्रामसभेत ते आकडे मोठ्यानं वाचा.

२० मार्चला महाडला जाऊच. पण १२ मार्चला गावात बसा आणि तो कागद वाचा.

जयभीम.