तसबिरीची चौकट

मुरुडच्या किनाऱ्यावरील ख्रिस्ती घरांत पाऊल टाकिलें असतां दृष्टि बहुधा प्रथम जाते ती समोरच्या भिंतीवरील पवित्र हृदयाच्या तसबिरीकडे. शेजारींच वाडवडिलांचें छायाचित्र असतें. तसबीर कोणाची, हें लहान मूलहि सांगेल. परंतु ज्या चौकटीनें तिला आजवर राखिलें, तिचा विचार आपण क्वचितच करितों. महोत्सवाच्या या मंगल प्रसंगीं त्या मूक सेविकेचा थोडासा इतिहास वाचकांपुढें ठेवीत आहों.

चौकटीचें बालपण घराच्या भिंतीवर गेलें नाहीं, तें वेदीपाशीं गेलें. मध्ययुगीन युरोपांत वेदीवरील चित्रफलक व त्याची कड हीं पुष्कळदां एकाच फळींतून कोरीत. पुढें कड निराळी करून चित्रास जोडण्याचा प्रघात पडला. कडेवर खडू व सरस यांचे पातळ थर देत, त्यांवर तांबड्या मातीचा लेप, त्यावर सोन्याचा वर्ख, आणि शेवटीं अकीकाच्या दगडानें घोटून तेज आणीत. हीच विद्या पोर्तुगीजांबरोबर आपल्या किनाऱ्यास लागली; जुन्या गोव्यांतील सोनेरी वेद्या तिची साक्ष देतात. चौल व कोर्लई येथील पोर्तुगीज सत्ता १७४० सालीं संपून मराठ्यांचा अंमल आला. कोर्लईच्या गडावरील ख्रिस्तमंदिराच्या आज नुसत्या भिंती उभ्या आहेत. परंतु पायथ्याच्या गांवांत श्रद्धावंत राहिले, आणि त्यांच्या घरगुती बोलींत पोर्तुगीज भाषेचा वारसा अद्यापि ऐकूं येतो.

वेदीवरील चित्र गरिबाच्या घरीं आणिलें तें छापखान्यानें. पवित्र हृदयाचें जें चित्र आपण सर्वत्र पाहतों, त्याचा नमुना पोंपेओ बातोनी या चित्रकारानें १७६७ सालीं रोम येथील जेझू मंदिरासाठीं रंगविला. पुढें शिळाछापाची कला निघाली व रंगीत चित्रें स्वस्त झालीं. फादर मातेओ क्रॉली-बोवी यांनीं १९०७ सालापासून घरोघरीं पवित्र हृदयाची स्थापना करण्याचा प्रसार आरंभिला. इकडे मुंबईंत राजा रविवर्मा यांचा छापखाना १८९४ सालीं निघाला, आणि हिंदु घरांतहि देवदेवतांच्या तसबिरी भिंतीवर आल्या. चित्र कागदाचें झालें, म्हणूनच त्यास कांच व चौकट अवश्य झाली.

आतां कारागिराचें काम पाहूं. करवत, रंधा, गुण्या, कानस, हातोडी व कांच कापण्याची हिरकणी, एवढीच त्याची सामग्री. पट्टीच्या आंतील कडेस कांच बसण्यापुरती खांच असते. चार पट्ट्यांचीं आठ टोकें पंचेचाळीस अंशांत कापावीं लागतात. प्रत्येक कापांत एकाच बाजूस अर्ध्या अंशाची चूक झाली, तरी शेवटच्या कोपऱ्यांत चार अंशांची फट पडते. म्हणून जाणता कारागीर सरस वाळण्यापूर्वीं दोन्ही कर्ण मोजून पाहतो. ते सारखे भरले तरच चौकट काटकोनांत आली. कांच तो आरपार कापीत नाहीं. हिरकणीनें एकदांच रेघ ओढतो व हलक्या हातानें मोडतो. ती खांचेपेक्षां किंचित् लहान ठेवितो. कारण लांकूड ऋतुमानाप्रमाणें फुगतें व आकसतें, कांच तसें करीत नाहीं.

परंतु खरी कसोटी लागते ती चौकटीच्या पाठीस. आपल्याकडील पावसाळी हवेंत कांचेच्या आंतून दंव धरतें, आणि चित्र कांचेस टेकलें असल्यास तिला चिकटतें. चित्राभोंवतीं पुठ्ठ्याची किनार बसवितात ती केवळ शोभेसाठीं नव्हे. चित्र व कांच यांमध्यें अंतर राहावें, हा तिचा मुख्य हेतु. तो पुठ्ठा लांकडाच्या लगद्याचा असेल, तर त्यांतील आम्लानें कागद पिंवळा पडतो. कापसाच्या चिंध्यांचा असेल, तर चित्र दीर्घकाळ टिकतें. पाठीस नुसती फळी किंवा जुनें वर्तमानपत्र लाविलें, तर फळीची गांठसुद्धां कालांतरानें चित्रावर उमटते. चौकटीच्या खालच्या दोन कोपऱ्यांस बुचाचे तुकडे लाविल्यास भिंतीची ओल पाठीस लागत नाहीं व वारा खेळतो.

३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलें व असंख्य घरांचीं छपरें उडालीं. छप्पर पुन्हां घालतां येतें. आजोबांच्या लग्नाचें एकुलतें एक छायाचित्र भिजून कांचेस चिकटलें, तर तें पुन्हां काढतां येत नाहीं. आज तयार चौकटी स्वस्त मिळतात. त्यांच्या पाठीकडे मात्र कोणी पाहत नाहीं.

म्हणून धर्मबंधुभगिनींस एक विनंति. पावसाळा संपतांच घरांतील जुन्या तसबिरी उतरवून उलट करून पाहाव्या. वाळवी, बुरशी किंवा ओल दिसल्यास जाणत्या कारागिराकडून पाठ उघडवून नवी घालावी. चिकटलेलें छायाचित्र ओढूं नये. आहे तसें कांचेतूनच त्याचें दुसरें छायाचित्र घ्यावें. आणि चित्रांतील माणसांचीं नांवें कोणा वडीलधाऱ्यांस विचारून कागदावर लिहून ठेवावीं. चौकट कितीहि उत्तम असली तरी चित्र तेवढें राखील; नांवें राखणें आपल्याच हातीं आहे.