जहाजावरचा संसार

येरमाळ्याच्या माणसाने समुद्रावर लिहावे हे जरा विचित्रच. बालाघाटच्या डोंगरातले आमचे गाव. आम्हाला पाणी ठाऊक ते विहिरीतले आणि टँकरमधले. वाडवडिलांचा समुद्राशी संबंध आला तो हजच्या निमित्ताने. 1995 साली मुंबईहून हजची जहाजे सुटणे थांबले आणि तेवढाही धागा तुटला.

पण येरमाळ्यावरून बीडकडे जाणारी सडक धरली की पुढे दौलताबाद लागते, आणि दौलताबादेहून एक माणूस समुद्रावर गेला होता. तो म्हणजे इब्न बतूता. 1342 साली मुहंमद बिन तुघलकाने त्याला नजराणे देऊन चीनच्या बादशहाकडे धाडले. दौलताबाद, नंदुरबार, खंबायत असे मुक्काम करत तो गंधार बंदरात जहाजावर चढला आणि कालिकतला उतरला. त्याचे प्रवासवर्णन आपल्याकडे वाचले जाते ते सुलतानांच्या दरबारांसाठी. जहाजावर माणसे राहत कशी, हे त्याने किती बारकाईने टिपले आहे, तिकडे मात्र सहसा लक्ष जात नाही.

हिंदुस्थानची आणि येमेनची जहाजे तेव्हा शिवलेली असत. नारळाच्या काथ्याचा दोर फळ्यांच्या भोकांतून ओवायचा आणि आवळायचा. इब्न बतूता सांगतो, लोखंडी खिळ्यांचे जहाज खडकावर आपटले की फुटते. शिवलेले जहाज मात्र लवते आणि वाचते. अशा जहाजाच्या दुरुस्तीला लोहाराचे काम नाही. दोर कुजला की तेवढे टाके उसवून नवे घालायचे. त्याच्या दीडशे वर्षे आधी, 1183 साली, हजला निघालेल्या इब्न जुबैरने तांबड्या समुद्रावर हेच काम पाहिले. लाकूड मऊ राहावे म्हणून एरंडेल किंवा शार्कचे तेल चोपडत, आणि त्यातही शार्कचे उत्तम, अशी नोंद त्याने केली आहे. ही विद्या मेलेली नाही. अजिंठ्याच्या लेण्यातील जहाजाच्या चित्रावरून गोव्यात शिवून बांधलेले 'कौंडिण्य' हे जहाज 2025 च्या मे महिन्यात कारवारला नौदलात दाखल झाले. समुद्र नसलेल्या मराठवाड्याच्या भिंतीवर जहाजाचा नमुना सापडावा, याची मला मोठी मौज वाटते.

कालिकतला उभी असलेली चिनी जहाजे वेगळी. ती जाडजूड खिळ्यांची. त्यांवर चार मजले, खोल्या, संडास. खोलीला कुलूप लावून बायका-दासींसह राहिले तर गावी पोचेपर्यंत शेजाऱ्याला पत्ताही लागू नये. खलाशांची मुले तिथेच राहत, आणि लाकडी कुंड्यांतून भाजी, आले पिकवले जाई. एकंदरीत संसारच तो.

इब्न बतूतालाही अशीच स्वतंत्र खोली हवी होती, कारण बरोबर दासी होत्या. पण बऱ्या खोल्या चिनी व्यापाऱ्यांनी परतीसाठी आधीच धरलेल्या. जहाजाच्या मुखत्याराने जावयाची खोली देऊ केली, तिला संडास नव्हता. गुरुवारी सामान चढले. जुम्याची नमाज गाठायची म्हणून तो स्वतः किनाऱ्यावर थांबला. दुसऱ्या दिवशी नोकराने येऊन खोली अगदीच अपुरी असल्याचे सांगितले, तेव्हा सामान आणि दासी 'ककम' नावाच्या लहान जहाजावर हलवल्या. रात्री वादळ झाले. नजराण्यांचे मोठे जहाज किनाऱ्यावर आपटून फुटले, त्यावरची माणसे बुडाली. ते पाहून ककमवाल्यांनी शिडे उभारली आणि ते निघून गेले. किनाऱ्यावर उरलेल्या इब्न बतूताजवळ दहा दीनार आणि निजायची सतरंजी एवढेच होते.

हा प्रसंग सांगताना आपले लेखक 'त्याचे कुटुंब दूर गेले' असे मोघम लिहून मोकळे होतात. मला ते पटत नाही. त्या खोलीत कोणाला ठेवायचे, कोणत्या जहाजावर हलवायचे, हे त्या बायकांना कोणी विचारले नव्हते. त्या विकत घेतलेल्या होत्या. आपला इतिहास आपणच लिहायचा, तर हा शब्द गिळून चालणार नाही. आणि इब्न बतूता निर्दयी होता असेही नाही. त्यांतली एक त्याच्यापासून गरोदर होती, आणि तिच्या काळजीने जीव कासावीस झाल्याचे तो स्वतःच लिहितो.

पुढे दोन गुलाम परत आले, त्यांच्याकडून खबर कळली. ती वारली होती. बाकीच्या दासी जावाच्या राजाने ठेवून घेतल्या होत्या. शेकडो काझी, शेख आणि अमीर यांची नावे त्याने बिनचूक नोंदवली आहेत. हिचे नाव दिलेले नाही.