एक पडदा, अनेक खोल्या

डिचोली तालुक्यातील नार्वे काय किंवा गोव्यातील दुसरे कोणतेही गाव काय, तेथील जुने मोठे घर पाहावे. मध्ये राजांगण, भोवती खोल्या: देवघर वेगळे, कोठार वेगळे, बाळंतिणीची खोली वेगळी. माजघरातील काम अर्धे टाकून ओसरीवर यावे आणि परतल्यावर ते जसेच्या तसे सापडावे, ही त्या रचनेची सोय. संगणकाच्या पडद्याला हीच सोय मिळण्यास मात्र बराच काळ लागला.

१९८६ साली अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रातील ऑस्टिन हेंडरसन व स्टुअर्ट कार्ड यांनी एका साध्या अडचणीवर निबंध लिहिला. पडदा लहान, त्यावर उघडलेल्या विंडो पुष्कळ. एक वर काढावी तो दुसरी झाकली जाते, आणि माणूस काम सोडून आवराआवर करीत बसतो. त्यांनी एकेका कामाच्या विंडो एकेका खोलीत ठेवल्या व खोल्यांना दारे दिली. योजनेचे नावच ‘रूम्स’. जी विंडो सर्वत्र हवी ती ‘खिशात’ घालून न्यावी, हा शब्दही त्यांचाच. कल्पना अगदीच नवी नव्हती. त्याच केंद्रातील स्मॉलटॉकमध्ये ‘प्रोजेक्ट’ या रूपाने तिचे बीज होते.

नवल पुढेच आहे. ही सोय घरोघरच्या संगणकावर प्रथम रुजविली ती मोठ्या कंपन्यांनी नव्हे. १९९३ साली रॉबर्ट नेशन यांनी ‘एफव्हीडब्ल्यूएम’ हा विनामूल्य कार्यक्रम लिहिला. १९९८ मध्ये लिनक्सवर ‘केडीई’ आले, त्यातही आभासी डेस्कटॉप होते. ॲपलने ‘स्पेसेस’ दिले २००७ मध्ये. मायक्रोसॉफ्टने एक्सपीच्या काळी वेगळी जोड दिली खरी, पण विंडोजच्या अंगभूत सोयींत ती आली २०१५ साली, विंडोज १० बरोबर.

गोव्यातील शाळांना या शतकाच्या आरंभी संगणक मिळाले, त्यांपैकी कित्येकांवर लिनक्स होते. त्या काळच्या लिनक्सच्या पडद्याच्या तळाशी बहुधा चार लहान चौकोन दिसत. तीच चार दालने. दोन पडदे मांडणे ज्याला परवडते त्याला त्यांची निकड थोडी. एका लहान पडद्यावर ज्याला भागवावयाचे, त्याच्यासाठीच ती खरी. एवढे मात्र लक्षात ठेवावे की दृष्टीआड गेलेला कार्यक्रम थांबलेला नसतो. तो स्मृतीतील आपली जागा अडवूनच असतो, आणि जुना संगणक दहा खोल्या उघडताच धापा टाकू लागतो.