मुरुडचे मंडलिक आणि मुद्रणप्रत

प्रकाशकाकडे हस्तलिखित धाडताना समास सोडावा, अवतरणे वेगळी दाखवावीत, या सूचना आम्हांस एके काळी निव्वळ कारकुनी वाटत. मुरुडचे रावसाहेब विश्वनाथ नारायण मंडलिक (१८३३–१८८९) यांच्या ग्रंथकार्याने तो समज दूर केला.

पोथ्यांत शब्द सलग लिहिलेले, प्रतीगणिक पाठ निराळे. मंडलिकांनी १८८६ साली मनुस्मृती मेधातिथी, कुल्लूक आदींच्या टीकांसह प्रसिद्ध केली. अशा ग्रंथाच्या मुद्रणप्रतीत मूळ कोणते, टीका कोणाची, हे खिळे जुळवणाऱ्यास पानावरच दिसावे लागते. गफलत झाली तर टीकाकाराचे मत स्मृतिकाराच्या नावावर जायचे. मंडलिक स्वतः वकील. आणि त्या काळी वारशाचे दावे न्यायालये याच ग्रंथांच्या आधारे निकाली काढीत. शब्द कोणाचा, यावर कोणाचे तरी घर अवलंबून असे.