नाकाच्या वाटेवरील दोन पहारेकरी

जुनाट पडशानें गांजलेला मनुष्य पुन्हां पुन्हां नाक शिंकरतो, तरी बाहेर फारसें कांहीं येत नाहीं. नाकांत कफ सांचला आहे, ही त्याची समजूत पुष्कळदां चुकीची असते. अडथळा कफाचा नसून रक्ताचा असतो. नाकांतील वळणदार हाडांवर जें मऊ अस्तर आहे, त्यांत रक्तवाहिन्यांचें दाट जाळें असतें. त्या फुगल्या कीं वाट अरुंद होते. या रक्ताची भरती-ओहोटी कोण चालवितो, हा वैद्यांपुढील खरा प्रश्न होता.

१८५१ सालीं क्लोद बेर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञानें सशाच्या मानेंतील अनुकंपी ज्ञानतंतु कापला. कान थंड पडेल ही त्याची अपेक्षा. परंतु कान लाल व ऊन झाला. पुढच्याच वर्षीं ब्राउन-सेकार यानें त्या तंतूस विजेनें चेतविलें, तेव्हां रक्तवाहिन्या आकुंचित झाल्या. हा तंतु म्हणजे रक्तवाहिन्यांचा लगाम होय, हें यावरून ठरलें. नाकासही तोच नियम लागू पडतो. अनुकंपी तंतु वाट मोकळी ठेवितात; परानुकंपी तंतु स्राव वाढवितात व अस्तर फुगवितात.

निरोगी नाकांतही ही ओढाताण चालू असते. एक नाकपुडी मोकळी तर दुसरी मंद, आणि कांहीं तासांनीं उलट, असा क्रम १८९५ सालीं कायझर या जर्मन वैद्यानें वर्णिला. आपल्याकडील स्वरशास्त्रांत चंद्रस्वर व सूर्यस्वर हा भेद त्यापूर्वींच परिचित होता. दोहोंची बेरीज जवळजवळ सारखी राहत असल्यानें निरोग्यास हा पालट जाणवत नाहीं; रोग्याची मंद बाजू मात्र पुरतीच बंद होते, आणि त्याची झोप उडते.

मग तंतूच कापला तर? १९६१ सालीं इंग्लंडमध्यें गोल्डिंग-वुड यानें गालाच्या पोकळींतून जाऊन विडियन तंतु छेदण्याचे आपले अनुभव प्रसिद्ध केले. नाकाचें वाहणें थांबे. पण त्याच तंतूंतून अश्रुग्रंथीकडे जाणारे धागे तुटल्यानें डोळे कोरडे पडत. शिवाय त्यांत दोन्ही जातींचे तंतु एकत्र असल्यामुळें, स्राव जितका खात्रीनें आटे तितक्या खात्रीनें वाट मोकळी होत नसे. म्हणून पुढें शस्त्रवैद्य दुर्बिणीच्या साह्यानें केवळ नाकाकडे जाणाऱ्या शाखाच छेदूं लागले.

नाक मोकळें करणारे थेंब अनुकंपी तंतूंचेंच सोंग घेतात. आराम मिनिटांत मिळतो. परंतु ते कांहीं दिवसांहून अधिक चालविल्यास थेंबांचा अंमल उतरतांच अस्तर पूर्वींहून अधिक फुगतें, आणि रोगी पुन्हां बाटलीकडे वळतो. जुनाट पडशांत त्यांवर विसंबणें म्हणजे एका दुखण्यास दुसरें जोडून घेणें होय.