तटस्थ कोणत्या तटावर?

झुलू युद्ध म्हटलं की इसांडल्वाना आठवतं. 22 जानेवारी 1879 रोजी मुख्यतः भाल्यांनी लढणाऱ्या फौजेने तिथे ब्रिटिशांची अख्खी छावणी कापून काढली. मला मात्र या युद्धातला जॉन डन अधिक छळतो.

नाताळमध्ये वाढलेला हा गोरा मुलगा लवकरच पोरका झाला. झुलू भाषा त्याच्या जिभेवर खेळत असे. 1856 मध्ये झुलू गादीच्या वारसासाठी झालेल्या लढाईत तो राजपुत्र म्बुयाझीच्या बाजूने लढला. म्बुयाझी मारला गेला, डन तुगेला ओलांडून कसाबसा वाचला. पुढे विजयी सेट्शवायोने याच शत्रूला जवळ केलं, जमीन आणि सरदारकी दिली, सल्लागार नेमलं. डनने चाळीसहून अधिक झुलू स्त्रियांशी लग्नं केली आणि राजाला बंदुका मिळवून दिल्या.

युद्ध लादणारा माणूस आपल्या ओळखीचा आहे. सर बार्टल फ्रिअर 1862 ते 1867 मुंबईचा गव्हर्नर होता. कोटाची तटबंदी त्याच्याच काळात पाडली गेली. त्याआधी तो साताऱ्याचा रेसिडेंट होता, आणि छत्रपतींचं राज्य खालसा झालं तेव्हा तिथला कारभार त्याच्याच हाती होता. 11 डिसेंबर 1878 रोजी तुगेलाकाठी झुलूंना ज्या अटी ऐकवल्या गेल्या, त्यांत दोन अशा होत्या: सैन्यव्यवस्था मोडा आणि ब्रिटिश रेसिडेंट ठेवून घ्या. या शब्दाचा अर्थ सातारकरांना वेगळा सांगायला नको.

डनला तटस्थ राहायचं होतं. तटस्थ म्हणजे तटावर उभा असलेला. पण तुगेलाच्या कोणत्या तटावर? डिसेंबरअखेर सुमारे दोन हजार माणसं आणि गुरांचे कळप घेऊन तो नाताळच्या बाजूला गेला. इथपर्यंत मी त्याची बाजू घेऊ शकतो. बरोबरची बहुतेक माणसं झुलूच होती, आणि त्यांना तोफांच्या तोंडी न देणं हीसुद्धा निष्ठाच होती.

पण इसांडल्वानानंतर तो चेल्म्सफर्डच्या फौजेसोबत परतला. 2 एप्रिलला गिंगिंडलोवूच्या लढाईत त्याने झुलूंवर गोळ्या झाडल्या. युद्ध संपल्यावर वूल्स्लीने झुलू राज्याचे तेरा तुकडे केले, त्यांतला सर्वांत मोठा डनला मिळाला. सेट्शवायो तेव्हा कैदेत होता. मित्राचं राज्य बक्षीस म्हणून घेतलं, त्या क्षणी आधीच्या नाइलाजाचाही अर्थ बदलतो. 1883 मध्ये राजाला परत आणलं गेलं, तेव्हा डनचा तुकडाही त्याच्या हातून निसटला.

युद्धानंतर सत्तावीस वर्षांनी याच नाताळमध्ये बंबाथाचा उठाव झाला. गांधीजी भारतीयांचं शुश्रूषा पथक घेऊन ब्रिटिशांच्या बाजूने गेले. मन मात्र झुलूंकडे होतं, असं त्यांनी पुढे लिहिलं. गोरे ज्यांना हात लावायला तयार नव्हते, त्या झुलूंच्या जखमा या पथकाने धुतल्या. साम्राज्याच्या बाजूला उभे तेही होते. म्हणून दुभंगलेल्या निष्ठेचा दोष मी डनला देत नाही. त्या अवस्थेत माणसाने हातात काय घेतलं, मलमपट्टी, बंदूक की जमीन, तेवढंच मी पाहतो.